बदलीचं वर्ष

३ मार्च

प्रिय बयो,

परवा सकाळी दुकान उघडून झाडून घेतलं आणि मशीनला तेल घालायच्या आधीच स्टूल घेऊन बाहेर आलो. पाटीवरची खालची ओळ तुला आठवत असेल, ‘शाळेचे गणवेश शिवून मिळतील.’ ती मी पांढऱ्या रंगानं पुसली. एका हातात अक्षरं झाकली गेली नाहीत, खालून दिसत राहिली. दुपारी दुसरा हात दिला.

शाळा बंद झाली. उरलेल्या तीन पोरांना तालुक्याच्या शाळेची व्हॅन न्यायला येते. तिथला गणवेश तयार मिळतो, पिशवीत घडी घालून. मास्तरीणबाईंनी किल्ल्या वर कचेरीत पाठवून दिल्या आणि सरळ माझ्या दुकानात आल्या. मी म्हटलं, बसा, चहा सांगतो. म्हणाल्या, “नको हो टेलर. या वेळी मला बसायची सवय नाही.” आणि उभ्याच राहिल्या, गिऱ्हाइकासारख्या.

मला काम नाही असं समजू नकोस. हल्ली म्हाताऱ्यांचे कपडे शिवतो. हात वर होत नाही त्यांच्यासाठी पुढून पूर्ण उघडणारे सदरे, पडून असतात त्यांच्यासाठी पाठीला एकही शिवण नसलेले. झबली शिवायला शिकलो तेव्हा उस्ताद सांगायचे, पाठीला गाठ ठेवू नकोस, बाळ तिच्यावर झोपतं. तेच शिक्षण आता दुसऱ्या टोकाला कामाला आलं आहे. सलूनवाला म्हणतो, “तुझं बरं आहे गड्या. म्हाताऱ्याला कपडे तरी लागतात. माझ्या गिऱ्हाइकांना केसच उरले नाहीत, मी काय त्यांच्या आठवणी कापू?”

आजी बरी आहे. जेवते. संध्याकाळ झाली की मला तुझ्या आजोबांच्या नावानं हाक मारते. मी ओ देतो.

रविवारी फोनवर तू ‘सगळं ठीक’ म्हणतेस, मी ‘इथेही ठीक’ म्हणतो, मध्येच आजी कोण आहे म्हणून ओरडते आणि वेळ संपते. म्हणून हे पत्र. तूही लिही. जेवतेस काय, झोपतेस किती, आणि तू सांभाळतेस त्या कंडक्टरबाई कशा आहेत ते लिही.

तुझा,
बाबा

*

१४ मार्च

बाबांना नमस्कार,

पत्र वाचलं, बाईंनाही वाचून दाखवलं. म्हणजे त्यांच्या भाषेत करून सांगितलं. पाटी पुसल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, “तुझ्या बापाला सांग, आमच्याकडे पाटी पुसायलाही माणूस मिळत नाही.” ते खरंच आहे. आमच्या इमारतीच्या खाली पूर्वी खेळण्यांचं दुकान होतं. आता तिथे कानाची यंत्रं मिळतात, पण काचेवरचे फुगे कुणी खरवडले नाहीत. कोपऱ्यावरच्या शाळेत म्हाताऱ्यांचं दिवसाचं केंद्र आहे. मी रोज सकाळी बाईंना तिथे नेते. हात धुवायचे नळ अजून पहिलीच्या पोरांच्या उंचीचे. सगळे कमरेत वाकून हात धुतात आणि कण्हतात. नळ वर करा म्हणून अर्ज केला आहे. प्लंबर म्हणाला पुढच्या वर्षी, कारण या भागात तो एकटाच आणि तोही निवृत्त झालेला.

अख्ख्या इमारतीत सगळ्यात तरुण मीच. बाईंचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो, महिन्यातून एकदा येतो. त्याचंही वय साठीच्या पुढे. बाईंनी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. रिकाम्या लिफ्टमध्ये शिरताना अजून म्हणतात, “आत सरका, दारात उभे राहू नका.” परवा मला म्हणाल्या, “माझ्या गाडीत सकाळी पोरं लोंबकळायची. आता सगळे माझ्या वयाचे, आणि त्यांना धरायला तुम्ही परक्या मुली.” मी त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधत राहिले. मग स्वतःच म्हणाल्या, “परकी म्हटलं म्हणून फुगू नकोस. सख्खी कुणी आहे का इथे, की दोन शब्द वेगळे ठेवू?”

केंद्राच्या स्वयंपाकघरात एक आचारी आहे. आपण या खंडाच्या एका कडेला, तो पार दुसऱ्या कडेचा. त्याच्या गावात शाळा दोन पाळ्यांत भरते, एका बाकावर चौघं, आणि सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन बाळंतिणी, उलट्यासुलट्या. मी आपल्या गावाचं सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करते. म्हणाला, “सगळे गेले म्हणजे? एकदम कसे जातील? आमच्याकडे एक गेला तर त्या जागेवर दोघं बसतात.” तो डाव्या हातानं चिरतो आणि सगळ्यांना ताटातलं संपवायला लावतो.

बाबा, एक काम. कामाचे दोन अंगरखे शिवून पाठवा, मागच्यासारखेच. खांदा तोच, बाही तीच. कंबर आणि खालचा घेर तेवढा वाढवा. इथे अजून थंडी आहे, आत जाड स्वेटर घालते.

आजीला माझा नमस्कार.

तुमची,
बयो

*

२६ मार्च

प्रिय बयो,

अंगरखे आजच टाकले टपालात. कापड धुऊन, आटवून मग बेतलं आहे. बाजूच्या शिवणींत चांगली माया सोडली आहे, पुढे लागलं तर उसवून सैल करता येतील. स्वेटरचं तू मला सांगतेस, पण मी काय खुळा आहे? अंगात भर आली आहे तुझ्या. गेलीस तेव्हा काटकी होतीस. सलूनवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “परदेशात पोरगी जाड झाली म्हणजे एक तर सुखात आहे, नाही तर आचारी चांगला आहे.” तुझ्या पत्रात आचाऱ्याबद्दल जरा जास्तच मजकूर होता, म्हणून तुला कळवतो, बाकी काही नाही.

इथे एक वाईट झालं. पिठाच्या गिरणीचे आजोबा गेले. वय झालंच होतं, पण उचलायला चौघं जमेनात. मी, सलूनवाला, गिरणीवाल्यांचा जावई, आणि चौथा म्हणून व्हॅनचा ड्रायव्हर थांबवून घेतला. व्हॅनमधली तीन पोरं काचेला नाक लावून बघत बसली. पोरांनी असलं बघू नये म्हणायचे पूर्वी. त्यांना दुसरं काय दाखवणार?

तुला नेलं त्या कंपनीचा माणूस पुन्हा आला होता, तिकडे कामाला माणसं न्यायला. तरुण कुणी उरलं नाही म्हटल्यावर म्हणाला, आता पंचावन्नपर्यंत घेतो, तिकडे मागणीच तेवढी आहे. सलूनवाल्यानं अर्ज केला. रक्तात साखर निघाली म्हणून नाकारला. तो म्हणतो, “पन्नाशीपर्यंत मला गोड कुणी म्हटलं नव्हतं.”

आजीला तुझा नमस्कार सांगितला. विचारते, शाळेतून आली का ती? मी म्हटलं, येईल.

बाबा

*

१० एप्रिल

बाबांना नमस्कार,

अंगरखे मिळाले. छान बसले. बाईंनी शिवण उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, असं काम इथे आता यंत्रही करत नाही.

फार लिहायला वेळ नाही. बाई रात्री उठतात, त्यामुळे माझी झोप होत नाही. बाकी ठीक. केंद्राच्या स्वयंपाकघराकडे मी हल्ली जात नाही, तिथला वास सोसत नाही. जून अखेरीला आम्हा सगळ्यांची सहामाही तपासणी आहे, रक्त, लघवी, सगळं. दर वेळी असते, काळजी करू नका.

आणखी एक अंगरखा शिवाल का? याच मापाचा, पण पुढून आणखी सैल. माया उसवली, तरी पुरत नाही. घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

बयो

*

१८ एप्रिल

बयो,

तुझं पत्र मशीनवर ठेवून कापड पसरलं आणि खडू हातात घेतला. मग खडू खाली ठेवला.

मी जन्मभर मापं घेत आलो आहे. माणूस सुखानं फुगतो तेव्हा आधी दंड भरतात, मान भरते, खांद्याची शिवण ताणते. तुझा खांदा तोच आहे, बाही तीच आहे. हे पहिल्याच पत्रात लिहिलेलं होतं. कुठलंही परकं माप असतं तर मी त्या बाईला न विचारता ओळखलं असतं, आणि बाजूला पट्टी लावून शिवलं असतं. पण लेकीचं अंग भरलं हे ऐकायला कुठल्या बापाला नको असतं? मी तेच वाचलं.

रागावलो का, विचारशील. रागावलो. एक अख्खा दिवस दुकान उघडलं नाही. सलूनवाला दोनदा येऊन गेला. संध्याकाळी देवापुढे बसलो. तुझी आई गेली तेव्हा बसलो होतो तसाच, काही न मागता. आजी मागून म्हणाली, “एवढा वेळ काय बोलतोस रे त्याच्याशी? त्याला दुसरी माणसं नाहीत का?” मग उठलो. राग तेवढ्यात कमी झाला असं नाही, पण त्याची जागा बदलली. आता तो माझ्यावर आहे.

तू काही विचारलं नाहीस, म्हणून मी विचारतो. तो आचारीच ना? माणूस कसा आहे? आणि तपासणीत हे निघालं तर ते लोक तुझं काय करतात?

आणि सगळ्यात आधी, तुला काय हवं आहे?

अंगरखा सोबत आहे. पुढे चुण्या घातल्या आहेत, पोट दिसणार नाही.

बाबा

*

२५ एप्रिल

बाबा,

अंगरखा आला. चुण्या बघून मी कितीतरी वेळ मोरीत बसून होते.

तो आचारीच. माणूस चांगला आहे. चांगला म्हणजे, हे कळल्यावर पळाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळं जेवण घेऊन तीन जिने चढून आला, लिफ्ट बंद होती म्हणून. आम्हाला लग्न करायचं आहे. पण आमच्या करारात लग्नही बसत नाही आणि मूलही नाही. सांभाळायला आलेल्या बाईला स्वतःचं सांभाळायचं असलं की ती त्यांच्या उपयोगाची नाही.

तपासणीत निघालं की आठवड्याच्या आत विमानात बसवतात आणि पुन्हा कधीच येऊ देत नाहीत. पाच वर्षं पुरी झाली की कायमचं कार्ड मिळतं. मग नवरा दाखवता येतो, मूल आणता येतं. माझी चार झाली आहेत. त्यालाही काढतील, तो आपल्या टोकाला जाईल, मी आपल्या. मधे एवढा मोठा खंड, आणि दोन्हीकडून एकमेकांना बोलवायचा एकही कागद नाही. त्याच्या आईला त्यानं फोन केला. ती म्हणाली, “बाळ इकडे पाठवून द्या. घरात अकरा आहेत, बारावं आलेलं कळणारही नाही.” ती मायेनं म्हणाली बाबा, पण मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

आमच्या थांब्यावर सरकारची मोठी जाहिरात आहे. एक तान्हं बाळ हसतंय आणि खाली लिहिलंय, तुम्ही जन्म द्या, आम्ही पाठीशी आहोत. मी तिच्याखाली उभी राहून बाईंची चाकाची खुर्ची धरते. बाईंना अजून सांगितलेलं नाही. मी गेले तर त्यांचा मुलगा त्यांना मोठ्या संस्थेत टाकणार आहे, एका हॉलमध्ये साठ खाटा. त्याचं त्यानं ठरवलंच आहे, बाई मात्र माझ्या दंडाला धरून चालतात.

दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीण बाई शांत होत्या. म्हणाल्या, अजून काढून टाकता येईल, पण महिन्याभरानंतर नाही. दहा मेची वेळ दिली आहे.

तुम्ही विचारलंत मला काय हवंय. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नका. मला ते हवंय.

पण मला हवं असून काय उपयोग?

बयो

*

२ मे

प्रिय बयो,

हे पत्र जास्तीचं तिकीट लावून पाठवतो, दहाच्या आत पोचावं म्हणून.

दवाखान्यात जाऊ नकोस असं मी तुला सांगणार नाही. तुझा देह, तुझं दुःख, मी इथे बसून देवाच्या नावानं हुकूम सोडू लागलो तर तो हुकूम माझाच असेल, त्याचा नसेल. फक्त डॉक्टरीण बाईंना विचार, दहाची वेळ थोडी पुढे ढकलता येते का. तेवढ्या दिवसांत मी एक वाट मोकळी करून बघतो.

कंपनीचा माणूस तालुक्याला बसतो. त्याच्याकडे गेलो. मी म्हटलं, “घरच्या अडचणीमुळे पोरीला परत यावं लागतंय. मधेच सोडलं तर काय?” म्हणाला, “जागा गेली, वर्षं गेली. घरातलंच माणूस बदली दिलंत तर मात्र चालतं. बदलीचं काम मूळ माणसाच्या नावावर धरतात. मागणीच तेवढी आहे ना. कुणी बहीण आहे का तिला?”

“मी आहे.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “काका, लोक बापाच्या जागी पोरं पाठवतात. तुम्ही उलटं का चाललात?”

मी म्हटलं, “आणखी पोरं असती तर सरळ चाललो असतो.”

वय बसतं. रक्त चांगलं निघालं. खाटेवरून खुर्चीत वाळूची गोणी उचलून ठेवायला लावली, माणसासारखी धरून, पाठ न दुखवता. ठेवली. तिथल्या मुलीनं हळूच सांगितलं, “काका, गोणीशी बोला. नुसती उचलली तर मार्क कापतात.” म्हणून गोणीला म्हटलं, आजी, सावकाश.

तू ये. आजी आहे, घर आहे, मास्तरीणबाई आहेत. बाळ इथे होऊ दे. एक वर्ष मी तिथे काढतो, ते तुझं पाचवं. मग तू कार्ड घे, बाळ घे आणि तुझ्या आचाऱ्याकडे जा.

बाबा

*

९ मे

बाबा,

उद्याची वेळ पुढे ढकलली आहे. कशासाठी ते मला ठाऊक नाही, कारण तुम्ही येऊ नये असंच माझं म्हणणं आहे.

तुम्हाला कल्पना तरी आहे का काम काय असतं? वाळूची गोणी तुम्हाला ओरबाडत नाही. ती दुपारी तीनदा ओलं करत नाही. बाईंना आंघोळ घालावी लागते, बाबा. अंग पुसावं लागतं, सगळं. तुम्ही बायकांची मापंसुद्धा टेपनं घेत नाही. जुना कपडा आणून द्या म्हणता आणि मान खाली घालून त्याच्यावरून बेतता. गावात सगळ्या हसायच्या, टेलरला आमची तोंडं माहीत नाहीत, शिवणी माहीत आहेत. आणि तुम्ही एका परक्या बाईला न्हाऊ घालणार? भाषा न येता?

आणि आजी? पहिलं वर्ष सुट्टी मिळत नाही. कुणी मेलं तरी नाही. माझ्या बरोबरीची एक होती, तिचा भाऊ गेला. तिनं त्या दिवशी चार खाटा बदलल्या आणि मग संडासात जाऊन रडली. आजीचं वय काय, तुम्हाला मी सांगायला हवं का? तुमच्या आईला सोडून तुम्ही दुसऱ्याच्या आईपाशी बसणार, माझ्या मुलासाठी. मग ते मूल मोठं झाल्यावर मी त्याला काय सांगू, तू किती महाग पडलास?

नका येऊ. मी माझं बघते.

बयो

ता. क. बाईंना कळलं. मी सांगितलं नाही, त्यांनीच दंडावरचा हात काढून माझ्या पोटावर ठेवला. म्हणाल्या, “किती वर्षांनी कुणीतरी चढतंय. सगळे उतरतच होते.”

*

२९ जून

बाबांना नमस्कार,

मी नका येऊ लिहिलं तरी तुम्ही आलात आणि माझ्या जागी उभे राहिलात. आपल्या माणसाची बस वळणापलीकडे गेली की माणसं रडतात म्हणे. आपलं उलटं झालं. मी विमानाकडे निघाले आणि तुम्ही काचेपलीकडे माझाच कामाचा अंगरखा घालून उभे होतात, खांद्याला ताणलेला. त्या आठ दिवसांत मी तुम्हाला सगळं शिकवलं आणि आपण एकमेकांशी बोललोच नाही. बाईंना कूस कशी द्यायची, औषधं कधी, एवढंच.

इथे मी पोचले तर घराच्या दारात मास्तरीणबाई, सलूनवाला, गिरणीवाल्यांची लेक. कुणी काही विचारलं नाही. सलूनवाला पोटाकडे बघून म्हणाला, “जावळ काढायला माझ्याकडेच आणायचं हां, तालुक्याला न्यायचं नाही. इतक्या वर्षांत लहान डोकं हातात घेतलेलं नाही मी.” तुम्ही निघाल्यापासून मी पोचेपर्यंत आजीजवळ मास्तरीणबाईच होत्या, अजून रोज येतात. त्यांनी शाळेची एक किल्ली देऊन टाकली नव्हती, असं मला काल कळलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. आजी खात नाही. मी पोचल्यापासून चार दिवस विचारत राहिली, टेलर आला का. मुलगा म्हणत नाही, टेलर म्हणते. मी सांगते, कपडे पोचवायला गेलेत. आठवडाभर उठून बसली नाही. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मला बाहेर घेतलं आणि म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी म्हटलं, घरची मीच. मग त्यांनी टोपी काढून परत घातली.

बाबा, तुमचा परीक्षेचा महिना, ज्यात काम सोडता येतं तो, अजून संपला नाही. कायमच्या कागदावर सही केली नसेल तर या. जागा गेली तर गेली. आचाऱ्याशी मी फोनवर बोलले. तो म्हणाला, “तुझे वडील म्हणतील तसं.” तो असं म्हणाला म्हणून मी तुम्हाला बोलावते. मला आयुष्यभर तुमच्याकडे बघताना ही गोष्ट मधे नको आहे.

बाळ फार लाथा मारतं. आजीचा हात ठेवला पोटावर, तर तिनं तो काढून घेतला नाही.

बयो

*

९ जुलै

प्रिय बयो,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि कंडक्टरबाईंच्या औषधांच्या डब्याखाली ठेवलं. तिथे ठेवलं म्हणजे दिवसातून चार वेळा हाताला लागतं.

आधी इथलं. पहिला आठवडा तू होतीस म्हणून निभावलं. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी आंघोळीची वेळ झाली आणि मी टॉवेल घेऊन दारात उभा राहिलो. बाई आतून काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही, पण सूर कळला. आजी तोच सूर लावायची, मी लहानपणी नदीवर कपडे काढायला लाजलो की. मी आत गेलो. डोळे मिटून पाणी घालायला लागलो तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, कारण पाणी त्यांच्या कानात जात होतं. मग डोळे उघडले. म्हातारं शरीर होतं, बयो, दुसरं काही नव्हतं. खांद्याचं हाड वर आलेलं, पाठीवर झोपून झोपून लाल झालेली जागा. मी मनात म्हटलं, इथे शिवण नको. दुपारी त्यांचे दोन झगे उसवून मागच्या शिवणी बाजूला घेतल्या. आता ती जागा सुकते आहे.

तुझा आचारी रोज सकाळी केंद्रात भेटतो. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही. तो मला वाढतो आणि संपेपर्यंत समोर उभा राहतो. परवा त्यानं खिशातून एक जुनी चड्डी काढली, त्याच्या धाकट्या भावाची, आणि हातानं विचारलं, याच्यावरून बाळाचं माप घेता येईल का? चार वर्षांच्या पोराची चड्डी होती. मी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग कापड मागवलं.

आता आजीचं.

रविवारी तू फोन तिच्या कानाला लावून पाणी आणायला बाहेर गेलीस, म्हणून आमचं बोलणं तुला ठाऊक नाही. मी म्हटलं, “आई, मी येऊ का?”

“कोण बोलतंय?”

मी नाव सांगितलं. “कोण?” तिनं पुन्हा विचारलं. मग म्हटलं, “टेलर बोलतोय.”

“हां. झाले का कपडे?”

“नाही झाले अजून. वर्ष लागेल.”

“मग झाले की या. अर्धवट आणू नका,” ती म्हणाली आणि तू परत आलीस.

ही परवानगी नव्हती. मला ते कळतं. ती एका टेलरशी बोलत होती, आणि असं उत्तर तिनं जगातल्या कुठल्याही टेलरला दिलं असतं. मी त्याचा आधार घेणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन की मी माझ्या आईला न विचारता राहिलो.

देवाला विचारलं. इथे आपलं देवाचं ठिकाण नाही, म्हणून थांब्यावर त्या बाळाच्या जाहिरातीसमोर बसून विचारलं. तो काही बोलला नाही. पूर्वी तो गप्प असला की मला वाटायचं, तो मान्य करतो. आता तसं वाटत नाही. आता वाटतं, तोही अडकला असेल. त्याच्याकडे एका टोकाला उचलायला चौघं नाहीत, दुसऱ्या टोकाला एका खाटेवर दोघी, आणि मधल्या भागात जाहिराती. त्यानं तरी कुणाला कुठून काढून कुठे ठेवावं?

मी आलो तर आईच्या उशाशी बसेन. ती मला ओळखणार नाही, पण मी तिला ओळखतो, तेवढं पुरे आहे बसायला. पण मग तुझं बाळ बापाशिवाय वाढेल, शाळा नसलेल्या गावात, तीन पोरांच्या व्हॅनमध्ये चौथं. कंडक्टरबाई त्या साठ खाटांत जातील. आणि तू माझ्याकडे बघताना मधे काही येऊ नये म्हणतेस, तर मी आलो तरी येईल, बयो. नाही आलो तरी येईल. ते आता आपल्या घरात राहायला आलं आहे. त्याला धरूनच चालायचं.

एवढंच कर. आईचं डोकं मांडीवर घे तेव्हा उजवी कूस दे, डावा कान तिचा दुखतो. बोलत राहा. शेवटी शेवटी ऐकू येतं म्हणतात. काय बोलायचं सुचलं नाही तर बाळासाठी काय काय शिवायचं आहे ते सांग, त्यात तिला रस असतो. माझ्याबद्दल विचारलं तर कपडे पोचवायला गेलेत हे सांगू नकोस. टेलर कामावर आहे, असं सांग. ते खरं आहे.

कायमच्या कागदात शेवटी एक ओळ आहे. वर्ष पुरं होईपर्यंत कुठल्याही कारणासाठी, घरातला मृत्यू धरून, जागा सोडणार नाही. सुपरवायझर बाई तो कागद दोनदा घेऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा मी हातानं ‘उद्या’ म्हणून सांगितलं. आज दुपारी त्या तिसऱ्यांदा आल्या. कंडक्टरबाई झोपल्या होत्या. मी चष्मा लावला, ती ओळ तुझ्या हस्ताक्षरातल्या भाषांतराशी पुन्हा एकदा ताडून बघितली आणि सही केली.

तुझा,
बाबा